आधी मॅगझिन, मग बोल्ट

कॉलेजात एनसीसीला असताना आम्ही पालथं पडून पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची काडतुसाची रायफल चालवायचो. एका वेळी एकच गोळी. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, मागे घेतला की पुंगळी बाहेर आणि रायफल रिकामी. तीच सवय हातात घेऊन मी कॅनडात, ऑन्टारिओत, बंदुकीच्या परवान्याच्या कोर्सला बसले.

कॅनडात सुरक्षा कोर्स आणि परीक्षा झाल्याशिवाय परवान्याचा अर्जच करता येत नाही. लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्हींत किमान ८० टक्के हवेत. लेखीचं मला टेन्शन नव्हतं. प्रात्यक्षिकाच्या सरावाला टेबलावर सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर गोळीनंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल होती, आत डमी काडतुसं. मी बोल्ट ओढला, डमी उडालं, बोल्ट सोडला, मग मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढलं आणि "रिकामी" म्हणून मोकळी झाले. सरांनी बोल्ट परत ओढायला सांगितलं. दुसरं डमी टेबलावर पडलं.

पोटात गोळा आला. बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत ढकलतो, म्हणजे रिकामी करता करता मी ती स्वतःच भरली होती. आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट ओढायचा, तो मागेच धरून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं. त्या रात्री मी लाटणं हातात घेऊन हा क्रम घोकला. परीक्षेत पास झाले.

पुढचं बरंचसं कागदी काम. ओळखीच्या दोघांची नावं, नवऱ्याची सही, आणि पहिलाच परवाना असल्याने किमान २८ दिवसांची सक्तीची वाट. आई फोनवर रोज विचारायची, "अगं, कशाला हवंय हे?" मी सांगायचे, टार्गेटसाठी. कार्ड आलं ते पाच वर्षांचं. दुकानातही परवान्याची पडताळणी होऊन संदर्भ क्रमांक मिळाल्यावरच रायफल हातात पडली.

घेतली रुगर १०/२२, पॉइंट टू-टूच, पण सेमी-ऑटोमॅटिक. १९६४ पासून बनतेय. वजन सव्वादोन किलोच्या आसपास, दहा काडतुसांचं गोल फिरणारं मॅगझिन पोटात पूर्ण बसतं, खाली काही लोंबत नाही. गोळी सुटताना पुंगळी मागे रेटली जाते आणि तोच धक्का बोल्टला मागे नेतो, बाकी यंत्रणा फारशी नाहीच. म्हणून काडतूस कुठलं, याला महत्त्व. फार मंद सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाचं) घेतलं तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुंगळी दारातच अडकते. मी ४० ग्रेन वजनाच्या शिशाच्या गोळीचं हाय-व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाचं काडतूस वापरते. इवलीशी दिसते, पण चुकीच्या कोनातून सुटली तर दीड मैलापर्यंत जाऊ शकते. शिसं असल्याने घरी आल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय कशालाच लावत नाही.

या रायफलची एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी लागते. शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट उघडा राहत नाही, मिटतो. बाहेरून भरलेली आणि रिकामी सारखीच.

रेंजवर दुसऱ्याच दिवशी सातव्या गोळीला नुसतं 'टक्' झालं. नळी टार्गेटकडेच धरून मनात साठ आकडे मोजले, कारण बार कधी कधी उशिरा उडतो. मग मॅगझिन काढलं, बोल्ट ओढला. काडतूस अख्खं बाहेर आलं. या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत असतो, आणि त्या कडेवर ठोका मारणाऱ्या पिनची चपटी खूण स्पष्ट उमटलेली होती. बोल्ट मागे धरूनच मी आत पाहिलं. चेंबर मोकळं होतं.