बाळाचं नाव ठरलं, स्पेलिंगचं काय?

आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तेव्हा त्याला स्पेलिंग नसतं. ते लागतं जन्मदाखल्यावर. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला द्यावा लागतो, त्यामुळे त्यावरचं एक अक्षर पुढे सगळीकडे जातं.

गोव्यात 'पारंपरिक स्पेलिंग' म्हटलं की आधी विचारावं लागतं, कुठल्या परंपरेतलं? पोर्तुगीज लिखाणात के, डब्ल्यू, वाय जवळजवळ नव्हतेच. म्हणून आजोबांच्या कागदांवर नाईकाच्या शेवटी क्यू-यू-ई, शेटाच्या सुरुवातीला एक्स आणि बांदोडकरातल्या 'कर'ला सी दिसतो. केपेच्या पाटीवर तर आजही क्यू आहे. आडनावाच्या बाबतीत हौस नको. आई-वडिलांच्या आधारवर आणि पासपोर्टवर जे आहे तेच बाळाला द्यावं. वडिलांच्या दोन कागदांवर दोन स्पेलिंगं असतील तर ती बाळ येण्याआधी एकसारखी करून घ्यावीत, नाहीतर तो घोळ वारशाने पुढे जातो.

पहिल्या नावात एक्स घालायचा मोह असेल तर जरा थांबा. दक्षेश, अक्षय यांतल्या 'क्ष'साठी एक्स बाहेर चालून जातो. पण रोमी (म्हणजे रोमन लिपीतली) कोंकणी वाचणाऱ्या गोंयकाराला एक्स म्हणजे 'श'. तो बिनदिक्कत 'दशेश' वाचेल, आणि त्याच्या परीने ते बरोबरच आहे.

वेगळी स्पेलिंगं येतात ती बहुतेक अंकशास्त्रातून. त्यात प्रत्येक रोमन अक्षराला अंक देऊन नावाची बेरीज करतात. त्यातल्या खाल्डियन पद्धतीत ए, आय, जे, क्यू आणि वाय या पाच अक्षरांची किंमत 1 आहे. बेरीज एकाने हुकली की ए किंवा वाय घुसवतात तो यामुळे. दोन हवे असतील तर आर किंवा के दुप्पट करतात. तन्वी घ्या. टी-ए-एन-व्ही-आय म्हणजे 4, 1, 5, 6, 1. बेरीज 17, म्हणजे 1 आणि 7 मिळून 8. आठ शनीचा, म्हणून घरचे बिचकतात आणि दुसरा ए घालायला सांगितला जातो. बेरीज 18 होते खरी, पण शाळेत पोरीची 'तान्वी' होते. घालायचंच असेल तर शेवटचा आय दुप्पट करा. बेरीज तीच येते आणि उच्चार जागेवर राहतो. अंकशास्त्र मानावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न; अक्षर कुठे घालायचं हे मात्र आपल्या हातात आहे.

दुप्पट ए नेहमीच वाईट असतो असंही नाही. रमाचं साधं स्पेलिंग आर-एम यांमागे एकेक ए लावून होतं आणि परका माणूस ते 'राम' किंवा 'रामा' वाचतो. शेवटी आणखी एक ए दिला तर निदान मुलीचं नाव आहे हे कळतं. उलट मुलग्याच्या 'वेद'ला शेवटी ए जोडलात तर त्याची वेदा झालीच म्हणून समजा.

मराठी तोंडाला ऋ म्हणजे 'रु' आणि ज्ञ म्हणजे 'द्न्य'. ऋचा, मृण्मयी, कृतिका यांत यू ठेवावा, यज्ञामध्ये डी-एन-वाय. आय किंवा जी घातला तर हिंदी उच्चार घरात येतो. तो आवडत असेल तर ठीक, पण नकळत नको.

स्पेलिंग पक्कं करण्याआधी ते कागदावर लिहून तिघांना द्या: एक गोव्यातला, एक हिंदी बोलणारा, एक कर्नाटकाकडचा. तिघांकडून ते देवनागरीत लिहून घ्या. दोघांनी चुकवलं तर ते स्पेलिंग सोडा. ॲपॉस्ट्रॉफी, हायफन, टिंब तर मुळीच नको. पासपोर्टच्या खालच्या, यंत्राने वाचायच्या ओळीत साधी रोमन अक्षरंच बसतात, आणि आडनावासकट सगळ्या नावाला 39 जागा असतात.

जन्माची खबर 21 दिवसांत द्यावी लागते, पण नाव तेव्हाच द्यायची सक्ती नाही. डिस्चार्जच्या गडबडीत कुणालातरी तोंडी सांगून टाकण्यापेक्षा रकाना कोरा ठेवा. नोंदणीपासून 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून. नोंद होते ती जन्म झाला तिथल्या पंचायतीत किंवा पालिकेत. घर केपेला आणि प्रसूती मडगावला, तर कागद मडगावात. लेखनिकाची चूक असेल तर निबंधक समासात दुरुस्ती करतो. 'आता आम्हांला दुसरं स्पेलिंग आवडतं' ही मात्र चूक धरली जात नाही. त्यासाठी गोव्याचा 1990 चा नाव-आडनाव बदलाचा वेगळा कायदा आहे, आणि तो रस्ता लांबचा.

बाल आधार काढताना रोमन नाव टाकलं की देवनागरी यंत्रच तयार करतं. तिथे ळ चा ल आणि ण चा न सहज होतो. पुढे आधारवरचं नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, म्हणून ऑपरेटरच्या पडद्यावरची देवनागरी ओळ वाचल्याशिवाय सही करू नका.