काजूचा चीक आणि आजोबांची लाल डबी

माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारी एक काळसर डाग आहे. सातवीत असताना काजूच्या बीचा चीक उडाला, कातडी सोलवटून निघाली आणि डाग कायमचा राहिला. वेंगुर्ल्यात माझ्या वयाच्या बायकांच्या हातांवर असे डाग शोधावे लागत नाहीत. पण या डागाचा आणि जुन्या चिनी वस्तू जमवण्याच्या माझ्या नादाचा काही संबंध असेल, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. बॉयलर, कटिंगची सहा मशिनं, सोलायला बसणाऱ्या चौदा बायका. त्यातून उरलेल्या वेळात आणि उरलेल्या पैशांत मी चिनी भांडी जमवते. एकूण अकरा वस्तू आहेत, त्यांतल्या सात तडकलेल्या किंवा कान तुटलेल्या. अखंड वस्तू माझ्या खिशाला परवडत नाहीत हे खरं, पण तुटलेल्या भांड्याची कड मला आवडतेही. तिथे आतली माती दिसते. अस्सल पोर्सिलेनची कड साखरेच्या खड्यासारखी घट्ट, बारीक आणि पांढरी असते. चीनमधलं जिंगदेजेन हे या भांड्यांचं मोठं गाव; तिथल्या भट्ट्यांत ही माती 1300 अंशांच्या आसपास भाजत, तेव्हा माती आणि झिलई जवळजवळ एकजीव होते. आपल्या लोणच्याच्या बरणीची कड फुटली की आत करडी, जाड, दाणेदार दिसते. दोघींनाही आपण ‘चिनी माती’च म्हणतो.

सगळ्यात लाडका आहे तो एक वाडगा. गावातलं एक जुनं घर पाडायला काढलं होतं. त्या घरच्या काकी आमच्याकडे काजू घालायच्या. त्यांच्या चुलीमागच्या फळीवर आमसुलं भरून ठेवलेला हा वाडगा दिसला. बाहेरून भाजलेल्या काजूच्या सालपटासारखा तपकिरी, आतून पांढऱ्यावर निळी फुलं. मधोमध तडा गेलेला, आणि त्या तड्यावर पाठीमागून तीन पितळी टाके मारलेले. कुणीतरी चिनी मातीला इतकी बारीक भोकं पाडली होती की टाक्याचं टोक आतपर्यंत पोचलेलं नाही. आतून हात फिरवला तर फक्त तड्याची रेघ लागते, टाका लागत नाही. आमसुलांचा आंबट रस वर्षानुवर्षं त्या रेघेत मुरून ती जांभळट झाली आहे. मी ती कधीच साफ करणार नाही.

काकींना पैसे देऊ केले तर म्हणाल्या, “पैशे कसले गो, माका एक स्टीलचो डबो दी झाकणाचो.” मी डबाही दिला आणि पैसेही.

वेंगुर्ल्यात डचांची वखार होती, 1637 सालची. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. अशा तपकिरी भांड्यांना ‘बटाव्हिया’ हे नाव पडलं, कारण डच ती जावा बेटावरच्या आपल्या बटाव्हिया बंदरातून पुढे पाठवत. मग काय, मी कित्येक वर्षं हा वाडगा डच वखारीतूनच आला असं धरून चालले होते. पाहुण्यांनाही तसंच सांगायची. पुढे ‘गेल्डरमाल्सेन’ नावाच्या डच जहाजाबद्दल वाचलं. चहा आणि चिनी भांडी भरून युरोपकडे निघालेलं ते जहाज 1752 मध्ये बुडालं. 1985 मध्ये त्यातला माल वर काढला आणि 1986 मध्ये ॲम्स्टरडॅमला त्याचा लिलाव झाला. दीड लाखाच्या आसपास भांडी होती. त्या मालाचे फोटो बघताना माझ्या वाडग्याची सख्खी भावंडं दिसली. म्हणजे हा प्रकार अठराव्या शतकातला, आणि आमची वखार सतराव्या शतकातली. मनातली गोष्ट मोडून टाकावी लागली. वाईट वाटलं, पण वस्तूबद्दल खोटं सांगणं मला जमत नाही. बहुधा तो गोव्याकडून किंवा मुंबईहून आला असेल. त्या घरात तो चार पिढ्या होता एवढं काकींनी छातीवर हात ठेवून सांगितलंय, ते मी वहीत लिहून ठेवलंय.

कुणी नव्याने या नादाला लागत असेल तर माझं एकच सांगणं: आधी भांडं उलटं करा. बुडावर सहा चिनी अक्षरं दिसली की लोक हुरळतात. मिंग घराण्यातल्या शुआंद बादशहाचं नाव (त्याची कारकीर्द 1426 ते 1435) पुढच्या कितीतरी शतकांतल्या भांड्यांवर आहे. जुन्या काळाचा मान म्हणून चिनी कारागीरच ते लिहीत, आणि फसवायला लिहिणारेही झाले. उलट 1677 मध्ये जिंगदेजेनच्या अधिकाऱ्याने तेव्हाच्या कांगशी बादशहाचं नाव भांड्यांवर लिहायला मनाई केली, म्हणून त्या वेळच्या कित्येक उत्तम भांड्यांच्या बुडाला नुसती दोन निळी वर्तुळं आहेत, आत काहीच नाही. तेव्हा अक्षरांपेक्षा बुडाची कडी बघा. जिथे झिलई लागलेली नाही तिथली माती, तिच्यावरची भाजल्याची नारिंगी झाक, चिकटलेली वाळू, वापराने आलेला गुळगुळीतपणा. यातलं पुष्कळसं मी मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात, सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातल्या चिनी भांड्यांसमोर तासन्‌तास उभी राहून शिकले. काचेतून बूड दिसत नाही, पण अस्सल रंग एकदा डोळ्यांत बसला की बाजारातला भडक निळा लगेच खुपतो.

आणखी एक. जमिनीतून निघालेलं काही मी घेत नाही. चौलला एका ओळखीच्यांच्या वाडीत गेले होते. माडांना आळी करताना निघालेल्या खापऱ्या त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जमवल्या होत्या. निळ्या-पांढऱ्या, आणि दोन तर शेवाळी झाकेच्या सुंदर हिरव्या. चौल हे फार जुनं बंदर, पोर्तुगीज तिथे 1521 मध्ये ठाण मांडून बसले, त्याआधी अरब होतेच. “घेऊन जा चार,” ते म्हणाले. हात शिवशिवले. पण खापरी कुठल्या जागी, किती खोल सापडली यातच तिचा सगळा इतिहास असतो. माझ्या कपाटात आली की ती नुसता रंगीत खडा होते. मी त्यांना प्रत्येक खापरीसोबत जागेची चिठ्ठी ठेवायला सांगितलं आणि परत आले. कायद्याचंही भान हवं. पुराण वस्तूंबद्दलच्या 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करायचा तर परवाना लागतो.

आता डबीकडे येते.

माझे आजोबा आगबोटीवर खलाशी होते. मुंबईहून हाँगकाँग, शांघायपर्यंत फेऱ्या व्हायच्या. लढाईच्या आधी कधीतरी त्यांनी आजीसाठी एक लाल गोल डबी आणली. वीतभरही नाही. झाकणावर कोरलेली फुलं, आतून काळी कुळकुळीत. आजी तिच्यात नथ आणि कुडी ठेवायची. डबी माजघरातल्या कोनाड्यात असायची, जिथे पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर ओला व्हायचा. आम्ही पोरं ती अंगणात न्यायला लागलो की आजी ओरडायची, “उन्हात न्हेव नको गो तिका, तडकतली!”

ही डबी प्राचीन नाही, हे मला माहीत आहे. पण तिची कला प्राचीन आहे. ज्याला लॅकर म्हणतात ते चिनी रोगण म्हणजे एका झाडाचा चीक. झाडाला चिरा पाडून तो गोळा करतात. एका झाडापासून अख्ख्या हंगामात जेमतेम पाव किलोच्या आतबाहेर. लाकडावर त्याचा पातळ हात द्यायचा, घट्ट होऊ द्यायचा, घासायचा, पुन्हा हात. कोरीव कामासाठी असे शंभरावर थरही देतात, म्हणजे एका डबीला कित्येक महिने. लाल रंग हिंगुळाचा, म्हणजे एका लाल खनिजाचा. माझ्या डबीच्या काठावर एक टवका उडालाय. तिथे भिंग धरून मी थर मोजले. अठ्ठावीसपर्यंत मोजले, पुढे डोळ्यांना पाणी आलं. शंभर नक्की नाहीत.

सावंतवाडीचं लाखकाम वेगळं बरं का. ती लाख किड्यांपासून होते आणि उष्णतेने वितळते. चिनी रोगण एकदा घट्ट झालं की गरम आमटी ओतली तरी त्याला काही होत नाही.

2016 मध्ये आम्ही स्लॅबचं घर बांधलं. हौसेने काचेचं कपाट केलं, आत दिवे. मुंबईतल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने सल्ला दिला होता: कोकणात दमट हवा फार, कपाट हवाबंद करा आणि आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या भरा. मी पुड्याच काय, डबे भरून ठेवले. भांड्यांना काही झालं नाही. जानेवारीत डबी बघितली तर झाकणावर काठापासून मधल्या फुलापर्यंत केसाएवढी भेग. झाकण बसवायला गेले तर बसेना. ऐंशी वर्षं कोनाड्यात सुखाने राहिलेली आजीची डबी मी चार महिन्यांत तडकवली. दोन दिवस जेवण गेलं नाही.

मग शोधायला लागले आणि कळलं ते असं. हे रोगण आपल्या रंगासारखं सुकत नाहीच. त्याला घट्ट व्हायला दमट हवा लागते, 70-80 टक्के आर्द्रता. कारागीर मुद्दाम ओलसर ठेवलेल्या कपाटात वस्तू ठेवतात. पुढेही आतलं लाकूड एकदम कोरडं पडलं की आक्रसतं आणि वरचा थर ताणून फुटतो. 1972 पासून चीनमध्ये चांगशाजवळ मावांगदुई इथली थडगी उकरली, तिथे दोन हजार वर्षांपूर्वीची शेकडो रोगणी भांडी निघाली. ताटांवर ‘आपण जेवावं’ अशा अर्थाची अक्षरं अजून वाचता येतात. कोळसा आणि पांढऱ्या मातीच्या जाड थरांखाली, हवाबंद ओलाव्यात ती टिकली. अशी ओली वस्तू बाहेर काढून घाईने वाळवली तर वाकडी होते, फुटते. आजीला यातलं काही माहीत नव्हतं, पण उन्हात नेऊ नको हे माहीत होतं.

आणि तिथेच वाचताना ते झाड कुठल्या कुळातलं हे दिसलं. आंबा, काजू, बिब्बा आणि चिनी रोगणाचं झाड, सगळी एकाच कुळातली. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागून फोड येतात, धोबी बिब्ब्याने कपड्यांवर खुणा करायचा त्या जन्मात जात नाहीत, काजूच्या टरफलांचं तेल आमच्या बायकांचे हात उतवतं, आणि रोगणाचं काम शिकणाऱ्या चिनी पोरांच्या हातांवरही असेच फोड येतात. रसायनं थोडी वेगळी, पण एकमेकांची भावंडं. जपानात तर काजूच्या तेलापासून रोगणाच्या बदल्यात वापरायचं रोगण बनवतात. मी अंगठ्याजवळच्या डागाकडे बघत बराच वेळ बसून राहिले. आजी तरुणपणी काजी फोडायला जायची. हाताला राख चोळून बसायची, तरी बोटं काळी आणि सोललेली. त्याच बोटांनी ती ही डबी उघडायची.

डबी आता नव्या घराच्या खोलीत नाही. जुन्या घराचं माजघर आम्ही पाडलं नव्हतं, तिथल्याच कोनाड्यात ती मलमलच्या फडक्यात ठेवली आहे. पावसात आठवड्याला बघते, बुरशीचा पांढरा ठिपका दिसला तर मऊ कोरड्या कापडाने टिपते. पहिला पावसाळा गेल्यावर झाकण पुन्हा बसायला लागलं. भेग आहेच. फेविक्विक लाव म्हणणारे भेटले. मी लावणार नाही.

परवा टरफलांचं तेल न्यायला गाडी आली होती. ते रंगाच्या आणि ब्रेक लायनिंगच्या कारखान्यांकडे जातं. पिंप रिकामं झाल्यावर त्याच्या तोंडाशी गेल्या पावसाळ्यात ओघळून घट्ट झालेला एक थेंब दिसला. काळा, डबीच्या आतल्या बाजूसारखा चकचकीत. नखाने खरवडून बघितला. नख घसरलं, त्याच्यावर ओरखडाही उठला नाही.