रॅम मोकळी असताना प्रोग्राम मरतो कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दारव्हा-पुसदकडच्या ज्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी सर्व्हर बसवलाय, तिथून हाच फोन येतो: "मशीनमध्ये 8 जीबी रॅम, निम्मी मोकळी, तरी रिपोर्ट मधेच बंद पडतो. तुम्ही लावलेली मेमरीची मर्यादा काढून टाका."

काढणार नाही.

मर्यादा नव्हती तेव्हाची गोष्ट. हंगाम भरात होता, फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर आणि बैलबंड्या. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा प्रोग्राम घेतलेली मेमरी परतच करत नव्हता. संध्याकाळपर्यंत मशीन भरलं. अशा वेळी लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, जागा करायला एखादा प्रोग्राम मारतो, पण दोष कोणाचा हे बघत नाही. सगळ्यात जास्त मेमरी कोणाकडे, हे मुख्यतः बघतो. त्याने डेटाबेस मारला, म्हणजे वजनाची पट्टी (पावती) निघणं बंद. कॅमेरे सुरूच राहिले. डेटाबेस पुन्हा चालू केला, पुन्हा मारला गेला. खिडकीशी एक बाबा आले. "काटा त चालू हाय ना भाऊ, मंग पट्टी काऊन नाही?" त्यांना काय सांगणार? खरं कारण सापडेपर्यंत रात्र झाली. बंड्या उघड्यावर राहिल्या, कापसावर दव पडलं, सकाळी ओलावा जास्त निघाला आणि भाव कापला. ती कपात कोणी भरून दिली नाही. मला ते आजही सहन होत नाही.

म्हणून सीग्रुप, म्हणजे प्रोग्रामांचे गट पाडून प्रत्येकाला मर्यादा. मेमरीचा हिशेब गटवार ठेवायची सोय कर्नलात 2008 पासून आहे. गट मेमरी.मॅक्सला, म्हणजे त्याच्या कमाल मर्यादेला, पोचला आणि परत घेण्यासारखं काही उरलं नाही, तर त्याच गटातला प्रोग्राम मरतो. बाहेर कितीही रॅम मोकळी असो. मला हेच हवंय. आणि बॅकअपच्या गटाचा आकडा मर्यादेला टेकलेला दिसला म्हणून घाबरू नका. फाइलींचा कॅशही (मेमरीत ठेवलेली फाइलींची प्रत) त्यात मोजतात, गरज पडली की कर्नल तो सोडवतो.

पूर्वी मीच सांगायचो, मॅक्स लावा आणि मोकळे व्हा. आता रिपोर्टला त्याच्या खाली मेमरी.हाय ही सौम्य मर्यादासुद्धा लावतो. ती ओलांडली तर कर्नल मारत नाही, मेमरी परत घेत राहतो आणि प्रोग्राम संथ करतो. पण तासभर रखडणारा रिपोर्ट बरा, की झटक्यात मेलेला? मेलेला निदान लगेच कळतो. हा वाद माझा माझ्याशीच चालू आहे. डेटाबेसला मेमरी.लो देऊन जागा राखलीय. ती किती असावी, हे दर हंगामात बदलतं.

यंदा रिपोर्टची हाय 1.5 जीबीवर आहे. दिवाणजी रोज फोन करतात. आकडा मी वाढवलेला नाही.