आधी ते निळं पिंप काढ

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीच्या साड्यांचं शूट केलं, मुंबईतच, बाणगंगेच्या तळ्यावर. सकाळी पावणेसातलाच पोचलो कारण नंतर ऊन आणि माणसं दोन्ही आवरत नाहीत. मॉडेल म्हणजे तिचीच आतेबहीण, हिरवी इरकल, लाल पदरावर पांढरी नक्षी, नाकात एवढीशी चमकी. तळ्याच्या पायऱ्यांवर अंग जरा वळवून उभी, पदर मागे सोडलेला, आणि खाली पाण्यात नेहमीची बदकं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून आम्ही दोघी "हाच पहिला टाकायचा" म्हणून मोकळ्यासुद्धा झालो.

रात्री कॉम्प्युटरवर उघडला तर फोटोत काही जानच नाही. काय चुकतंय ते कळेना, मग मी सगळे करतात तेच केलं, दोनशे टक्के झूम करून चेहरा साफ करायला बसले. फ्रिक्वेन्सी सेपरेशन, म्हणजे त्वचेचा पोत एका लेयरवर आणि रंग-सावली दुसऱ्या लेयरवर, मग एकेक डाग, डोळ्याखालचं काळं, ओठाच्या कडेची रेघ, असं करत तीन तास गेले. गाल एकदम दुधावरच्या सायीसारखा. झूम आउट केलं तर फोटो तसाच मेलेला.

आमच्या मजल्यावर एक काका राहतात (गिरगावातली चाळ आहे, दार उघडं असलं की तुमचा स्क्रीन हा सगळ्या मजल्याचा टीव्ही असतो). काका पूर्वी एका स्टुडिओत रिटचर होते, ब्लॅक अँड व्हाईटच्या जमान्यात. पेन्सिलीला सुईसारखं टोक काढून निगेटिव्हवर काम करायचे, निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरते तिथे प्रिंटमध्ये उजळ येतं, म्हणजे सुरकुतीची काळी रेघ अशी भरून काढायची. तर ते चहाचा कप घेऊन गॅलरीतून चालले होते, दारातच थांबले, आत न येता विचारलं, "अगं पोरी, ते निळं पिंप कोणाचं?"

कुठलं पिंप? मग दिसलं. तिच्या कानाच्या डाव्या बाजूला, मागे वरच्या पायरीवर, पाणी भरायचं प्लास्टिकचं निळं पिंप. मी तीन तास त्याच्या बाजूलाच बसले होते!

काका म्हणाले, "मी इथून दहा फुटांवरून बघतोय, मला बाई दिसायच्या आधी पिंप दिसलं. आधी ते निळं पिंप काढ, गाल नंतर."

माझ्या मते फोटो एडिट करण्यातलं निम्मं काम हेच आहे, बघणाऱ्याचा डोळा कुठे जातोय ते ओळखायचं. डोळा आधी सगळ्यात उजेड असेल तिथे जातो, सगळ्यात भडक रंगाकडे जातो, काळं-पांढरं एकदम शेजारी आलं की तिथे अडकतो, आणि दुकानाची पाटी किंवा कुठलंही अक्षर असलं तर ते वाचतोच वाचतो. आपण मात्र शूटच्या वेळी तिथे असतो ना, आपल्याला मॉडेल माहीत असते, म्हणून पिंप दिसतच नाही. आता मी फोटो उघडला की आधी पोस्टाच्या तिकिटाएवढा लहान करते. मग आडवा फ्लिप करते, उजवं डावीकडे गेलं की फोटो परका वाटतो आणि परक्या फोटोतले दोष पटकन दिसतात. आणि वर एक ब्लॅक अँड व्हाईट लेयर टाकून बघते की रंग काढून घेतल्यावर चेहरा उठून दिसतोय की भिंतीत मिसळतोय. दोन मिनिटं लागतात सगळं मिळून.

मग क्रॉप. लाईटरूममध्ये (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) आर दाबलं की क्रॉप, आणि ओ दाबत गेलं की वरच्या रेषा बदलत जातात, फ्रेमचे तीन-तीन भाग करणाऱ्या, तिरप्या, तो गोगलगायीसारखा स्पायरल. मी खरं सांगू तर त्या फक्त बघते, पाळत नाही. पण एक नियम पाळते, सांध्यावर कातरायचं नाही. मनगट, कोपर, गुडघा, घोटा इथे फ्रेम आली की माणूस तुटल्यासारखा वाटतो, मांडीच्या मध्यावर किंवा पोटरीवर कापलं तर चालतं. इन्स्टासाठी ४:५ हवा होता आणि मी शूट केलेलं आडवं, ६०००×४००० पिक्सेल, त्यातून पूर्ण उंची ठेवून उभा काढला तर ३२००×४००० उरतं. निम्म्याच्या आसपास फोटो गेला म्हणून जीव तुटतो, पण ३०० पीपीआयने (एका इंचात तीनशे पिक्सेल) त्याची साडेदहा बाय तेरा इंची प्रिंट आरामात निघते. क्रॉपला घाबरणाऱ्यांसाठी एक गोष्ट, आर्नोल्ड न्यूमनने १९४६ मध्ये स्ट्राविन्स्की या संगीतकाराचा फोटो काढला, पियानोचं उघडं झाकण भलंमोठं काळं आणि माणूस खाली कोपऱ्यात. तो ज्या रूपात जगभर गाजला ते रूप निगेटिव्ह कडक कातरून आलंय. आणि ज्या मासिकासाठी काढला त्यांनी तो नाकारला होता, हे वेगळंच.

आमच्या क्रॉपमध्ये उजवीकडचे टॉवेलवाले आजोबा गेले, वायरी गेल्या. पिंप कानाला चिकटून असल्यामुळे ते क्लोन करूनच, म्हणजे बाजूचाच तुकडा उचलून त्यावर चिकटवून काढावं लागलं, केसांच्या कडेने, त्यात अर्धा तास.

उजेडाचं काम नंतर. पन्नास टक्के ग्रे भरलेला लेयर, मोड सॉफ्ट लाईट, ब्रशचा फ्लो पाच टक्के म्हणजे एका फटक्यात अगदी थोडाच रंग, आणि हळूहळू पांढरा-काळा फिरवत राहायचं, पांढऱ्याने खालचा फोटो उजळतो, काळ्याने गडद होतो. पोर्ट्रेट असतं तर मी उजेड डोळ्यांवर नेऊन थांबवला असता. पण फॅशनमध्ये विकायची साडी आहे बाई, डोळा चेहऱ्यावरून खांद्यावर, तिथून पदरावर उतरून परत वर यायला हवा, म्हणून पदराच्या घड्यांचे उंचवटे उजळले, मागच्या पायऱ्या अर्धा स्टॉप खाली आणल्या, म्हणजे थोड्या गडद केल्या. हिरव्या साडीचा उजेड हनुवटीखाली पडून तिथे हिरवट झाक आली होती, तेवढाच भाग मास्क करून मजेंटाकडे ढकलला. साडीच्या रंगाला मात्र हात नाही लावला, स्क्रीनवर पोपटी आणि घरी बाटलीचा हिरवा आला की साडी परत येते. आणि ऑरेंज स्लायडर (त्वचेचा रंग त्यातच येतो) वर करून पोरगी गोरी करायची, हे तर मी करतच नाही, कोणी पैसे वाढवून दिले तरी.

लिक्विफायचं (फोटोतला भाग ढकलून आकार बदलायचं टूल) पण सांगते, माझीच फजिती. कंबर जराशी, अगदी जराशी आत घेतली, आणि मागचा दगडी दीपस्तंभ पोटात दुखल्यासारखा वाकला. काकांनीच दाखवलं. कंबर होती तशी परत ठेवली.

फायनल मैत्रिणीला पाठवला. मला वाटलं आता हार्ट, फायर वगैरे येतील. मेसेज आला, "बदक कुठे गेलं??"

साफसफाईच्या भरात मी डाव्या कोपऱ्यातलं बदकही काढलं होतं. पांढरंशुभ्र, फ्रेमच्या कडेला, डोळा तिकडे पळणारच, नियमाप्रमाणे बरोबरच होतं की. तर म्हणते, "अगं ते तिच्या पदराकडे बघत होतं." मी जुनी फाईल उघडली. खरंच, मान वळवून थेट पदराकडे. बघणारा बदकावर गेला असता तरी तिथून पदरावरच आला असता, फुकटचा बाण. परत आणलं, फक्त थोडं काळवंडून, साडीच्या नक्षीपेक्षा जास्त पांढरं दिसणार नाही इतपत.

दुसऱ्या दिवशी पोस्ट झाला. पहिली कमेंट तिच्या मामीची, "बदक छान आलंय. साडी केवढ्याला?"