तव्याच्या तळाशी

पुण्यात रविवारची कोंबडी अख्ख्या घराला कामाला लावते. एक जण सकाळी पिशवी घेऊन रांगेत उभा असतो, दुसरा सुके खोबरे आणि कांदा भाजत असतो, घरातल्या एखाद्या मुलाला लसूण सोलायला बसवलेले असते, आणि दुपारी एकच्या सुमारास ओट्यावर कढई, कुकर, मिक्सरची भांडी, परात आणि भाताचे पातेले असा सगळा संसार मांडलेला असतो. त्या जेवणाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मात्र रात्री दोन-चार माणसे जेवायला येणार असली आणि त्यांच्याशी बोलायचीही इच्छा असली, तर मी अलीकडे एकाच जाड तव्यात होणारे फ्रेंच वळणाचे चिकन करतो. कातडीसकट खरपूस भाजलेल्या मांड्या, मशरूम, पांढरी वाइन आणि क्रीम एवढाच त्याचा पसारा असतो. ताटात वाढल्यावर ते असे साग्रसंगीत दिसते, की पाहुण्यांना यजमान दुपारपासून राबत असावा असे वाटते. मी तो समज दूर करण्याची घाई करत नाही.

या पदार्थाची सगळी चव तव्याच्या तळाशी तयार होते, आणि आपल्या स्वयंपाकघरात तळाला लागणे हा तर मोठा गुन्हा मानला जातो. दूध लागले, खीर लागली, भाजी लागली, की करणाऱ्याचे लक्ष नव्हते हा निकाल तिथल्या तिथे लागतो आणि ते भांडे रात्रभर पाण्यात भिजत पडते. याला मोठा अपवाद म्हणजे पिठल्याची खरपुडी, जिच्यासाठी शहाणीसुरती माणसेही कढईवर हक्क सांगतात. फ्रेंच स्वयंपाक्याने जणू ही खरपुडीच हेरली आणि तिच्यावर सॉसांचे एक घराणे उभे केले. मांस भाजल्यावर तव्याला जो तपकिरी थर चिकटतो, तो वाइन ओतून लाकडी उलथन्याने खरवडायचा आणि त्याच द्रवात विरघळवायचा, एवढेच ते तंत्र आहे. सॉसचा रंग, त्याचा दाटपणा आणि ज्याला नेमके नाव देता येत नाही असा त्यातला मांसल गोडवा, हे सारे त्या थरातून येते.

हा थर कसा तयार होतो, याचा पहिला नीट खुलासा लुई कामिय माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केला. प्रथिनांमधली अमिनो आम्ले आणि काही शर्करा उष्णतेने एकमेकांशी संयोग पावतात आणि त्यातून शेकडो सुगंधी द्रव्ये व तो तपकिरी रंग निर्माण होतो. पावाच्या कवचाचा, भाजलेल्या कॉफीच्या बियांचा आणि आपल्या भाजलेल्या वाटणाचा वासही बराचसा याच प्रक्रियेचा असतो. ही प्रक्रिया साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे जोर धरते, आणि पाणी तर १०० अंशांना उकळते. त्यामुळे पृष्ठभाग ओला आहे तोवर तव्याची सगळी उष्णता ते पाणी उडवण्यात खर्च होते आणि मांस भाजले न जाता वाफवले जाते. म्हणूनच तव्यात टाकण्यापूर्वी मांडीचा तुकडा कागदाने किंवा स्वच्छ फडक्याने अगदी कोरडा टिपून घ्यायचा. ही पायरी क्षुल्लक दिसते, पण ती गाळली तर पुढची वाइन कितीही उंची असली तरी उपयोग होत नाही.

खरी अडचण त्याआधी, दुकानातच सुरू होते. आमच्याकडे कोंबडीची कातडी पिसांसकट ओढून काढतात. त्यात वेळ वाचतो, आणि रश्श्यात कातडी बहुतेकांना नकोच असते. कातडी राखायची म्हणजे कोंबडी गरम पाण्यातून काढून तिची पिसे वेगळी उपटायला हवीत, आणि रविवारच्या गर्दीत हे काम सांगणारा माणूस दुकानदाराच्या मनातून उतरतो. म्हणून मी शनिवारी संध्याकाळी जातो.

“काका, कातडी काढायचीच ना?”

“नको, राहू द्या. आणि तुकडे करू नका, मांड्या अख्ख्या द्या.”

“अख्ख्या? मग मसाला आत कसा जायचा?”

त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण आपल्या पद्धतीत रस्सा आणि तुकडा यांची गाठ पडावी यासाठीच तुकडे लहान केले जातात. परंतु हळद, तिखट, गरम मसाला यांचा स्वाद मांसात फारसा खोल शिरत नाही. खोलवर जाते ते मीठ. शनिवारी रात्री मांड्यांना सगळीकडून मीठ चोळून त्या फ्रिजमध्ये उघड्या ठेवल्या, तर दुसऱ्या दिवसापर्यंत मीठ आत मुरते आणि कातडीही आपसूक सुकते. दुकानदाराला मी हे सगळे ऐकवले नाही. त्याच्या हातात सुरा होता आणि माझ्यामागे तीन माणसे उभी होती.

तव्याविषयी एवढेच सांगतो की तो जड हवा. तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत बिडाचे तवे मिळतात, त्यांतला खोलगट आणि २५-२६ सेंटिमीटर व्यासाचा या कामाला उत्तम. नवा बिडाचा तवा मात्र वाइनच्या आंबटपणाला बिचकतो आणि सॉसला लोखंडाची चव देतो. तेल पिऊन पिऊन काळाभोर झालेल्या तव्याला थोड्या वेळाच्या वाइनने काही होत नाही. जाड बुडाचे स्टीलचे पॅनही चालते. नॉनस्टिक नको, कारण काहीही चिकटू न देणे हाच त्याचा धर्म आहे.

मांड्या कातडीची बाजू खाली करून मध्यम आचेवर ठेवल्या, की दहा-बारा मिनिटे त्यांना हात लावायचा नाही. आपल्या हाताला हे जमता जमत नाही. परतणे, ढवळणे, खालीवर करणे यात आपला जन्म गेलेला असतो, आणि उलथने हातात असून स्वस्थ उभे राहणे हा आळस वाटतो. माझी पत्नी दारात येऊन विचारते, “अहो, हलवायचे नाही तर गॅसपाशी उभे कशाला राहायचे?” याला समर्पक उत्तर नाही. ऐकण्यासाठी उभे राहायचे, एवढेच म्हणता येईल. सुरुवातीला ओलसर फसफस ऐकू येते, मग कातडीतली चरबी वितळून तव्यात उतरते आणि आवाज बारीक, कोरडा, चरचरीत होतो. त्या वेळी चिमट्याने तुकड्याची कड उचलून पाहावी. तो धरून बसला असेल, तर तो अजून तयार नाही; कवच पुरते झाले, की तुकडा स्वतःहून तवा सोडतो. ओढाताण केली तर कातडी तव्याकडे राहते आणि मांडी उघडी पडते.

उलटल्यावर आच थोडी कमी करून आतले मांस शिजू द्यायचे. तापमापक असेल तर हाडाजवळ ७४ अंशांचा आकडा पाहावा, नसेल तर सुरीचे टोक टोचून वाहणारा रस पारदर्शक झाला आहे का, ते बघावे. मग मांड्या ताटलीत काढून ठेवायच्या आणि चमचा-दोन चमचे ठेवून बाकीची चरबी वाटीत ओतून घ्यायची. ही चरबी फेकू नये. दुसऱ्या दिवशी तिच्यावर उकडलेले बटाटे परतावेत.

आता मशरूम. बाजारात प्लास्टिकच्या डब्यात मिळणारी ही पांढरी बटणे १९ व्या शतकात पॅरिसजवळच्या दगडांच्या जुन्या खाणींमध्ये मोठ्या प्रमाणावर पिकवली जात, आणि फ्रान्समध्ये आजही त्यांना पॅरिसचेच नाव आहे. पुण्यात ती आता कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडेही असतात. ती धुवावीत की नुसती पुसावीत, यावर लोक हिरिरीने वाद घालतात. माझ्या मते झटकन धुऊन लगेच पुसली तर काही बिघडत नाही, कारण मशरूममध्ये मुळातच ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि धुण्याने त्यात पडणारी भर नगण्य असते. तव्यात ते सगळे पाणी बाहेर येते आणि क्षणभर स्वयंपाक फसल्यासारखा दिसतो, कारण जिथे खमंग भाजणी व्हायची तिथे राखाडी पाण्यात काप तरंगत असतात. तिथे आच वाढवून नुसते थांबावे. पाणी आटते, काप आक्रसतात, आणि मग त्यांच्या कडांवर तपकिरी रेघ उमटू लागते. कितीही वेळ ठेवले तरी मशरूमचा लगदा होत नाही, हा त्यांचा मोठा गुण आहे. त्यांच्या पेशींच्या भिंतींत कायटिन असते, खेकड्याच्या कवचातही तेच असते, आणि ते उष्णतेला दाद देत नाही. मीठ मात्र रंग आल्यावरच घालावे.

यानंतर बारीक चिरलेला कांदा, शक्यतो सांबारात घालतात तो छोटा कांदा, आणि ठेचलेला लसूण मिनिटभर परतायचा. मूळ कृतीत थाइम नावाच्या सुवासिक वनस्पतीचे पान असते. कॅम्पातल्या मोठ्या दुकानांत ते ताजे मिळते, न मिळाल्यास वाळलेले चालते. थाइम आणि ओवा यांच्या वासाचे मूळ थायमॉल नावाच्या एकाच द्रव्यात असल्याने कोणी ओवा सुचवेल, पण ओवा घातला की सॉसला भज्यांची आठवण येते आणि ती मग जात नाही.

वाइनसाठी मात्र दुकानाची पायरी चढावी लागते. राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये एक हजार चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला होता, तेव्हा त्यावर मोठा गदारोळ झाला. मी आपला वाइन शॉप अशी पाटी असलेल्या, आणि वाइन सोडून बाकी सगळे समोर मांडलेल्या दुकानात जातो. जाळीपुढे क्वार्टर मागणाऱ्या घाईतल्या मंडळींमध्ये उभे राहून “कमीत कमी गोड असलेली पांढरी द्या” असे म्हटले, की विक्रेता शिडी आणवतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू असल्यामुळे पिणाऱ्याला परवाना लागतो. चिकनमध्ये ओतणाऱ्याचे काय, हे मी जाळीपलीकडे विचारून रांग अडवत नाही.

वाइन दूरदेशची असण्याची गरज नाही. पुण्याहून नाशिक रस्त्याला लागलो, की सुमारे ७५ किलोमीटरवर नारायणगाव येते, आणि तिथे श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच पद्धतीने फेसाळती वाइन तयार करून दाखवली होती. तमाशाच्या फडांचे हे गाव तेव्हा शँपेनच्या जातकुळीतल्या बाटल्या भरत होते, हे आज सांगितले तर नवी पिढी संशयाने बघते. पुढे नाशिकने बाजी मारली. तिथल्या सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनचा कोरडा, किंचित हिरवट आंबटपणा या सॉसला मानवतो. शेनिन ब्लां अनेकदा गोडसर असते आणि क्रीमबरोबर ती अधिकच गोड लागते. सव्वाशे-दीडशे मिलिलिटर पुरते. स्वयंपाकाला कसलीही वाइन चालते, हे म्हणणे मला पटत नाही, कारण आटवल्याने तिचे दोषही आटून घट्ट होतात.

वाइन पडताच तव्यातून वाफेचा लोट उठतो आणि चिकटलेला थर सैल होतो. याच वेळी उलथन्याने सगळा तळ, कडांच्या कोपऱ्यांसकट, खरवडून घ्यायचा आणि द्रव निम्मा होईपर्यंत आटवायचा. वाइनमधली सगळी दारू उडून जाते, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. अल्कोहोल ७८ अंशांना उकळत असले तरी पाण्यात मिसळलेले असल्यामुळे ते हट्टाने मागे राहते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार १५ मिनिटे मंद शिजवल्यावर सुमारे ४० टक्के आणि अर्ध्या तासाने सुमारे ३५ टक्के अल्कोहोल उरते. ताटागणिक ते प्रमाण अल्प असते, तरीही जो पाहुणा घेत नाही त्याला वाढण्यापूर्वी सांगायलाच हवे. “कळत नाही हो” हे उत्तर बरोबर नाही. अशा वेळी मी कोंबडीच्या हाडांचे पाणी आणि लिंबाचा रस वापरतो. सॉस थोडा सरळमार्गी होतो, पण तळ तितकाच छान सुटतो.

शेवटी क्रीम. इथे घरातून हमखास सूचना येते, की फ्रिजमध्ये सायीचा डबा भरलेला असताना विकतचे क्रीम कशाला. पण आठवडाभर साठवलेली साय थोडी आंबलेली असते, तिच्या गाठी मोडत नाहीत आणि आचेवर तिचे लोणी सुटू लागते. खोक्यातल्या क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. युरोपात या कामाला याहून पुष्कळ घट्ट क्रीम घेतात आणि ते उकळले तरी फाटत नाही; आपले पातळ क्रीम मात्र आंबट द्रवात मोठ्या आचेवर फाटते. म्हणून वाइन आधी पुरती आटवावी, आच अगदी मंद करावी, क्रीम ओतावे आणि त्याला उकळी येऊ देऊ नये. ताटलीत मांड्यांखाली जमलेला रसही त्यात घालावा. त्यातच सगळ्यांत जास्त चव असते. मांड्या परत ठेवताना कातडी वर हवी आणि सॉस तिच्या खालीच राहायला हवा. रस्सा वरून घालण्याची आपल्याला इतकी सवय आहे, की वाढणाऱ्याच्या हातातला डाव मला प्रत्येक वेळी अडवावा लागतो. अर्धा तास राखलेला कुरकुरीतपणा एका डावाने मऊ पडतो.

वर मिरपूड, थोडी चिरलेली पार्सली, आणि तवा तसाच मेजावर. सोबत भात मला रुचत नाही. आंबेमोहोर स्वतःच्या वासाने सॉसवर कुरघोडी करतो, आणि बासमती त्यात निमूट बुडून जाते. इराणी बेकरीतला कडक कवचाचा ब्रुन पाव उत्तम, कारण तव्याचा तळ पुसून घेण्याइतका तो खंबीर असतो. पाव आणायचा राहिला तर पोळीही चालते, फक्त तिला तूप लावू नये.