हे कुणाकडून आले?

माझ्या मुलीला पाहून लोक आधी तिचे वय विचारतात, मग ती बोलते का ते विचारतात आणि शेवटी आवाज थोडा खाली आणून विचारतात, "पण हे आले कुणाकडून?" गेल्या नऊ वर्षांत हा प्रश्न मला देवळाच्या मंडपात, इस्पितळाच्या बाकावर आणि फोंड्याच्या बसमध्येही विचारला गेला आहे. "कुणाकडूनही नाही" एवढेच उत्तर मी देते आणि ते ऐकताच समोरच्या चेहऱ्यावर 'ही काहीतरी लपवते आहे' असा भाव उमटतो. तिच्या आजाराबद्दल तुम्हीही तेच पुन्हा विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

तिच्या आजाराचे मूळ एक्स गुणसूत्रावरील सीडीकेएल-5 या जनुकात आहे. त्यापासून घडणारे विकर (एन्झाइम) मेंदूतील इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडते आणि चेतापेशींच्या फांद्या नीट वाढण्यासाठी त्याची गरज असते. सायक्लिन नावाच्या प्रथिनाच्या आधाराने पेशींचे विभाजन चालवणाऱ्या विकरांशी त्याची रचना जुळली, म्हणून त्या कुळाचे नाव यालाही मिळाले; काम मात्र वेगळे. तोंडवळा पाहून कुळ ठरवण्याची खोड शास्त्रज्ञांनाही आहे, हे वाचून मला त्या काळात उगीचच बरे वाटले होते. हा आजार सुमारे 40,000 ते 60,000 जन्मांत एकाला होतो. पहिली आकडी बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच येते. आमच्याकडे ती सातव्या आठवड्यात आली.

ती चार महिन्यांची असताना चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. मूळ घरी सगळे जमले होते, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधून झाली होती, आणि आरती संपता संपता माझ्या मांडीवर ती जागी झाली. तिचे दोन्ही हात एकदम वर उडाले, मान पुढे झुकली, क्षणभर सैल पडली आणि पुन्हा तेच. "पळयात, देवाक नमस्कार करता!" असे कुणीतरी म्हणाले आणि सगळे कौतुकाने हसले. त्या आकड्या आहेत हे मला ठाऊक होते. तरीही मी गप्प राहून मनात मोजत राहिले; एकवीस झाल्या. घरभर हसू असताना ते मोडायचे धैर्य मला झाले नाही, आणि खरे सांगायचे तर घटकाभर मलाही तो नमस्कारच वाटावा असे वाटत होते.

दुपारपर्यंत सगळ्यांना खरे कळले. स्वयंपाकघरात सासूबाई हळदीच्या पानांवर पातोळ्यांचे पीठ पसरत होत्या आणि मी नारळ-गुळाचे चून भरत होते. यांच्या आत्याबाई पाटावर बसून म्हणाल्या, "हें खंयच्यान आयलें गो? तुज्या कुळारच्यान?" माझ्या माहेरचे नाव निघताच माझा तोल गेला. मी म्हणाले, "माझ्या कुळारात असले कुणाला नाही. तुमच्याच घरात एक मूल आकडी येऊन गेले आहे."

ते मूल म्हणजे सासूबाईंचा धाकटा मुलगा. पाचव्या वर्षी, तापात गेला. त्याच्याविषयी त्या घरात कुणी बोलत नसे. मलाही ते लग्नानंतर यांनी एकदाच सांगितले होते. सासूबाईंचा हात पानावर तसाच थांबला. मग त्यांनी ते अर्धे पसरलेले पान बाजूला ठेवले, दुसरे घेतले आणि दिवसभर माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. पुढच्या सोमवारी त्यांनी देवळात जाऊन प्रसाद लावला, म्हणजे मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांवरून देवाचा कौल घेतला. काय विचारले आणि कुठली पाकळी पडली, हे त्यांनी कधीच सांगितले नाही.

तेव्हाच्या मला आज विचारावेसे वाटते, तुला एवढी खात्री कशाची होती? धावणारा, बोलणारा पाच वर्षांचा मुलगा तापात जातो, त्याचा या आजाराशी संबंध जोडायला काही आधार नव्हता. शिवाय पुरुषाकडे एक्स एकच असतो. यांच्या एक्समध्ये हा दोष असता तर हेच आजारी असते. आईकडे दोन असतात, त्यामुळे एखादी आई दोष वाहूनही धडधाकट राहू शकते. म्हणजे वारशाचाच विचार करायचा तर आत्याबाईंचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा शास्त्राच्या अधिक जवळ होता. हे कबूल करताना आजही माझा जबडा आवळतो.

पुढे मुलीचा अहवाल आला आणि मागोमाग आम्हा दोघांच्या रक्ताचाही. आमच्या दोघांच्याही रक्तात तो बदल नव्हता. तो नव्यानेच झाला होता. असे नवे बदल प्रत्येक माणसात सुमारे 60 ते 70 असतात आणि बहुतेक कुणाला जाणवतही नाहीत. रक्तात नसला तरी आईबापांच्या काही बीजपेशींत (अंडपेशी किंवा शुक्रपेशींत) तो लपलेला असू शकतो, म्हणून दुसऱ्या मुलासाठी सुमारे एक टक्का धोका सांगतात. आम्ही दुसऱ्याचा विचार केला नाही. तो एक टक्का हेच त्याचे कारण होते, असे मात्र मी म्हणणार नाही.

अहवाल समजावून सांगितल्यावर सासूबाईंनी आपल्या गेलेल्या मुलाबद्दल एवढेच विचारले, "तें आमच्या बाबाचें न्हय मगो?" मी "न्हय, आई" म्हणाले. तिथेच माफी मागायला हवी होती. मी मागितली नाही, आणि आता त्या नाहीत.

तर "कुणाकडूनही नाही" हे खरे आहे. पण पुरते खरे नाही, आणि इतकी वर्षे मी तेवढ्यावरच थांबत आले. अशा नव्या बदलांपैकी पाचातले जवळपास चार पित्याच्या बीजपेशीत घडलेले असतात, असे मी पुढे वाचले. आमच्या मुलीच्या बाबतीत ते तपासलेले नाही आणि तपासून औषध बदलणारही नाही. तरी ते वाचले तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा उमटली ती सुटका, आणि त्यानंतर लाज. यांना मी हे सांगितलेले नाही. आता हे लेखन त्यांच्याही वाचनात येईल. या क्षणी ते शेजारच्या खोलीत तिचे संध्याकाळचे औषध सिरिंजमध्ये ओढून, दिव्यासमोर धरून रेघ बघत आहेत.