तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लेंड म्हणजे भेसळ नव्हे

आमच्याकडे गुहागरला राहायला येणारे पाहुणे संध्याकाळी पडवीत वाइनची बाटली काढतात आणि लेबलवर दोन द्राक्षांची नावं दिसली की हमखास विचारतात, "ही मिक्स आहे, म्हणजे हलकी का हो?" परवा परत तोच प्रश्न आला, म्हणून एकदा नीटच लिहितो.

हलकी अजिबात नाही. फ्रान्समधल्या बोर्डोची रेड वाइन जगभर मानाची, आणि ती बहुतेक करून ब्लेंडच, म्हणजे वेगवेगळ्या द्राक्षांच्या वाइन मिसळून केलेली, मुख्य द्राक्षं कॅबर्ने सोविन्यों आणि मर्लो. त्यामागे एक कारण अगदी शेतकऱ्याचं आहे बघा, मर्लो आधी पिकते, कॅबर्ने मागाहून, आणि समुद्राजवळचा मुलूख, पाऊस कधी गाठेल नेम नाही, आपण हळवं भात आणि गरवं भात दोन्ही लावतो ना, तसंच. पण चवीचंही आहे. नुसती कॅबर्ने सुरुवातीला दमदार, शेवटी तुरट, आणि मधे कधीकधी पोकळ लागते, ती पोकळी मर्लो भरते.

आपल्या नाशिककडे कॅबर्ने-शिराझ ही जोडी बऱ्याचदा दिसते. शिराझला मिऱ्याचा वास येतो म्हणतात तो खराच असतो, मिऱ्यातलं रोटंडोन नावाचं द्रव्य ह्या द्राक्षाच्या सालीतही असतं. घरच्या मिरवेलीचे दोन सुके मिरे चुरडून हुंगा आणि मग ग्लास नाकाशी न्या, लगेच सापडेल.

आधी बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा मात्र. रेड रूम टेंपरेचरला प्यायची हे युरोपातल्या थंड घरांचं झालं, १६ ते १८ डिग्रीचं, आपल्या मे महिन्यातल्या पडवीत नुसतं अल्कोहोलच नाकात जातं. घोट तोंडात पाच-सहा सेकंद धरा, लगेच गिळू नका. तुरटपणा हिरड्यांवर कळेल, काजूचं बोंडू खाल्ल्यावर तोंड कोरडं पडतं तसा, कारण टॅनिन, म्हणजे वाइनमधलं तुरट द्रव्य, लाळेतली प्रथिनं पकडून ठेवतं. आणि तळलेल्या बांगड्याबरोबर कृपा करून नको, रेडमधल्या लोहामुळे मासा उग्र लागतो. ओल्या काजूची उसळ घ्या, तिखट बेताचं.

दोन द्राक्षं वेगळी ओळखता आलीच पाहिजेत असं काही नाही. मला स्वतःला ब्लेंड कळली ती एका खटाटोपातून, कॅबर्नेची एक बाटली आणि शिराझची एक आणली, औषधाच्या मापानं ग्लासात मिसळत बसलो, आधी निम्मी-निम्मी, मग शिराझ कमी कमी करत. निम्म्याला सगळा गोंधळ. नऊ मापं कॅबर्ने आणि एकच माप शिराझ झालं तेव्हा मिऱ्याचा वास वेगळा असा येईना, पण मधली पोकळी गेली होती. बायकोला न सांगता वेगवेगळ्या मापांचे तीन ग्लास पुढे ठेवले, तिनं तोच उचलला.